दोन पास, एक गाडी

“आमच्या दोघांचे पास निरनिराळे आहेत, मग एकाच गाडीतून, शेजारी शेजारी बसून आम्हांला जाता येईल का?” युरोपचा प्रवास रेल्वेने करावयाचा असे ज्यांनी मनाशी ठरविले आहे, त्यांतील बहुतेक जोडपी पहिल्यांदा विचारतात ती हीच गोष्ट. या प्रश्नामागची धास्ती समजण्यासारखी आहे. नवरा नोकरीनिमित्त फ्रँकफर्टला राहतो, बायको सहा आठवड्यांच्या रजेवर पुण्याहून येते. त्याला जो पास मिळतो तो तिला मिळत नाही आणि तिला जो मिळतो तो त्याला घेण्याची परवानगी नाही. कोठे वयाच्या अटीमुळे, कोठे वर्गाच्या फरकामुळे, तर कोठे केवळ एकाला रोज भटकावेसे वाटते आणि दुसऱ्याला मुक्कामी स्वस्थ बसावेसे वाटते म्हणूनही पास वेगळे होतात. अशा जोडप्यांनी प्रवासाची आखणी कोणत्या क्रमाने करावी, ते या प्रकरणात पाहावयाचे आहे.

१. पास म्हणजे काय, आणि काय नव्हे

प्रश्नाचे उत्तर प्रथमच देऊन टाकू: होय, जाता येईल. गाडीतील तपासनीस प्रत्येक उतारूचा प्रवासाचा हक्क स्वतंत्रपणे तपासतो. शेजारच्या आसनावरील माणसाचा पास आपल्यासारखाच आहे की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. एकाकडे पास, दुसऱ्याकडे साधे तिकीट, असेही चालते. अडचण उद्भवते ती हक्कापाशी नाही, जागेपाशी; आणि हा भेद आपल्याकडील प्रवाशाच्या चटकन ध्यानात येत नाही. आपल्या लांब पल्ल्याच्या गाडीचे आरक्षित तिकीट हातात पडले की त्यावर डबा आणि आसनक्रमांक छापलेलाच असतो, त्यामुळे तिकीट आणि जागा या दोन वस्तू आहेत असे वाटतच नाही.

युरोपात त्या दोन आहेत. पंगतीचे आमंत्रण असणे निराळे आणि पंगतीत आपल्या नावाचा पाट मांडलेला असणे निराळे. पास हे आमंत्रण आहे आणि आरक्षण हा पाट. जर्मनीतील जलद आयसीई गाड्या, ऑस्ट्रियातील रेलजेट, स्वित्झर्लंड, हॉलंड व बेल्जियम या देशांतील बहुसंख्य अंतर्गत गाड्या येथे पाट न मांडताही जेवावयास बसता येते. जागा रिकामी दिसली की बसावे. फ्रान्समधील टीजीव्ही, इटलीतील फ्रेच्चारोसा, स्पेनमधील आव्हे, लंडन-पॅरिस मार्गावरील युरोस्टार आणि सर्व देशांतील रात्रीच्या शयनगाड्या येथे मात्र पास असूनही वेगळी रक्कम भरून जागा राखून ठेवावी लागते, तीशिवाय गाडीत पाऊल टाकण्याची मुभा नाही. त्यातही टीजीव्ही आणि युरोस्टार या गाड्यांवर पासधारकांसाठी ठरावीकच जागा असतात. त्या संपल्या की गाडीत इतर आसने रिकामी असली तरी पासधारकाला त्यांचा उपयोग नाही. पूर्ण तिकीट घ्यावे, नाहीतर दुसरी गाडी पाहावी.

एवढा भेद मनात पक्का झाला, की निरनिराळ्या पासांची निम्मी भीती आपोआप ओसरते. ज्या गाड्यांना आरक्षण लागत नाही, तेथे दोघांचे पास कोणतेही असोत, स्टेशनावर यावे आणि बसावे. आखणीची सारी मेहनत आरक्षणाच्या गाड्यांसाठी राखून ठेवावी.

२. युरेल कोणाला, इंटररेल कोणाला

युरेल पास १९५९ साली सुरू झाला तो युरोपबाहेरून येणाऱ्या प्रवाशांसाठी. पुढे १९७२ साली, आंतरराष्ट्रीय रेल्वे संघाच्या पन्नासाव्या वर्षाचे निमित्त करून, युरोपातच राहणाऱ्या तरुणांसाठी इंटररेल पास काढण्यात आला. त्या वेळी तो एकवीस वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना आणि एकवीस देशांपुरताच होता. आज वयाची ती अट उरलेली नाही, दोन्ही पास ३३ देशांत चालतात, आणि त्यांची व्यवस्थाही एकाच संस्थेकडे आहे.

कोणता पास कोणाला मिळावयाचा हे ठरविताना भारतीय पारपत्राकडे बोट दाखवून कोणी इंटररेल नाकारू शकत नाही, कारण तेथे रहिवासाला महत्त्व आहे. फ्रँकफर्टला वर्षानुवर्षे नोकरी करणारा, रीतसर रहिवास-परवाना बाळगणारा सोलापूरचा अभियंता हा या नियमापुरता युरोपचा रहिवासी होय; त्याने इंटररेल घ्यावयाचा आणि प्रवासात रहिवासाचा दाखला जवळ ठेवावयाचा. त्याची पत्नी पाहुणी म्हणून अल्पमुदतीच्या व्हिसावर आली असेल, तर तिने युरेल घ्यावयाचा. दोघांच्या पासांवर नावे वेगळी असली तरी गाड्या, दिवसांची मोजणी, आरक्षणाची तऱ्हा ही सर्व एकच असते.

एक फरक मात्र खरा आहे, आणि तोच पुढे आखणीत ठायी ठायी आडवा येतो. इंटररेलधारकाला स्वतःच्या राहत्या देशात पासावर केवळ दोन प्रवास करता येतात: एक देशाबाहेर पडण्यासाठी आणि एक परत घरी येण्यासाठी. प्रत्येक प्रवास एका दिवसाच्या आत पुरा व्हावयास हवा. त्या दिवसात गाड्या कितीही बदला, त्याची आडकाठी नाही. युरेलधारक पाहुणीला असे बंधन मुळीच नाही. म्हणजे गंमत अशी की, जर्मनीत घर असलेल्या नवऱ्याचा पास जर्मनीत दोनदाच चालतो आणि पुण्याहून आलेल्या बायकोचा पास तेथे हवा तितका चालतो. बर्लिन, ड्रेस्डेन, हांबुर्ग अशी जर्मनीतलीच सहल मनात असेल तर त्याने इंटररेलचा विचारही करू नये.

त्याच्या खिशात बहुधा दुसरी एक सोय असते. जर्मनीत १ मे २०२३ पासून सुरू झालेले डॉईचलँडटिकेट हे महिन्याच्या वर्गणीचे तिकीट तेथील असंख्य नोकरदारांकडे असते. देशभरातील प्रादेशिक गाड्या, शहरी लोकल, ट्राम आणि बस त्यावर चालतात. आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या चालत नाहीत. सीमेपलीकडील एखाददुसऱ्या स्टेशनापर्यंतही ते चालते, आणि त्यांत ऑस्ट्रियातील साल्झबर्ग हे ठळक आहे. ही गोष्ट लक्षात ठेवावी. हिशेब मांडताना ती उपयोगी पडेल.

३. वयाचे आणि वर्गाचे भेद

पासाचे दर वयाप्रमाणे बदलतात. सत्तावीस वर्षांपर्यंत युवा दर, साठीनंतर ज्येष्ठांचा दर, मधल्या सर्वांना पूर्ण दर. युवा सवलत पंचवीस टक्क्यांपर्यंत जाते, ज्येष्ठांची दहा टक्के असते. वय मोजावयाचे ते पासाच्या पहिल्या दिवशीचे. त्यामुळे प्रवासाच्या मध्येच अठ्ठाविसावा वाढदिवस येत असेल तर काही बिघडत नाही, पण वाढदिवस साजरा करून दुसऱ्या दिवशी निघावयाचे ठरविले तर सवलत गेलीच. अशा वेळी दोघांच्या पासांचा आरंभ एकाच दिवशी असावा असा हट्ट धरण्याचे कारण नाही. चार ते अकरा वर्षांच्या मुलांना पालकाबरोबर विनामूल्य बालपास मिळतो. तो मात्र कोणा तरी एका मोठ्या माणसाच्या पासाशी बांधलेला असतो, म्हणून मूल त्याच पालकाबरोबर राहील हे पाहावे.

वर्गाविषयी थोडक्यात. पहिल्या वर्गाच्या पासावर दुसऱ्या वर्गात बसता येते, उलट नाही. म्हणून एकाचा पास पहिल्या वर्गाचा आणि दुसऱ्याचा दुसऱ्या वर्गाचा असा संसार मांडू नये. एकत्र बसावयाचे तर पहिल्या वर्गासाठी मोजलेले जास्तीचे पैसे व्यर्थ जातात. गुडघेदुखीमुळे एकाला ऐसपैस जागा हवीच असेल, तर दोघांनीही पहिला वर्ग घ्यावा, किंवा त्या एकाच लांब प्रवासापुरती वेगळी सोय पाहावी.

पूर्वी युरेलमध्ये दोन ते पाच जणांचा एकत्रित बचत-पास मिळत असे. दर कमी होता, पण अट अशी की त्या सर्वांनी प्रत्येक गाडीत बरोबरच असले पाहिजे. तो पास आता बंद झाला आहे. मला व्यक्तिशः त्याचे दुःख वाटत नाही. जोडप्यातील एकाला ताप आला आणि दुसऱ्याने एकट्याने जाऊन यावे असे ठरले, तर त्या पासाने दोघांनाही खोलीत डांबून ठेवले असते. दोन वेगळे पास असण्यातील मोकळीक मोलाची आहे.

४. प्रवासदिवस मोजण्याची रीत

पास दोन प्रकारचे. एक सलग मुदतीचा: पंधरा दिवस, बावीस दिवस, एक, दोन किंवा तीन महिने, मुदतीत रोज हवे तितके फिरा. दुसरा निवडक दिवसांचा: एका महिन्यात चार, पाच किंवा सात दिवस, अथवा दोन महिन्यांत दहा किंवा पंधरा दिवस. सहसा जोडप्यांना दुसरा प्रकार सोयीचा, कारण रम्य गावी चार दिवस राहावयाचे आणि मग पुढे सरकावयाचे, अशीच त्यांची चाल असते.

प्रवासदिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत. रात्रीच्या गाडीसाठी केवळ निघण्याचा दिवस खर्ची पडतो. परंतु मध्यरात्रीनंतर गाडी बदलली, किंवा सकाळी उतरल्यावर पुढे दुसरी गाडी धरली, तर दुसराही दिवस मोजला जातो. एका छोट्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. व्हेनिसहून सोमवारी रात्री निघून मंगळवारी सकाळी व्हिएन्नाला उतरलात, आणि मंगळवार व्हिएन्नातच घालविलात, तर एक दिवस खर्च झाला. उतरल्याबरोबर साल्झबर्गची गाडी धरलीत तर दोन. दोघांपैकी एकाचा पास तुटपुंजा असेल, तर हा एक दिवस वाचविण्यासाठी व्हिएन्नात मुक्काम करणे शहाणपणाचे. आणि व्हिएन्नात एक दिवस काढावा लागला म्हणून कोणी हळहळेल असे वाटत नाही.

५. आधी गाड्या, मग पास

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. बहुतेक जोडपी प्रथम पास विकत घेतात आणि मग त्यात प्रवास बसवावयास लागतात. सर्व ओढाताण तेथून सुरू होते. माझे आग्रहाचे सांगणे असे की, क्रम उलटा धरावा. पास माणसाच्या नावाचा असतो, पण गाडी दोघांची असते. म्हणून एका कागदावर दोघांच्या मिळून गाड्या लिहाव्यात, प्रत्येक गाडीसमोर आरक्षण लागते की नाही हे लिहावे, आणि मग शेजारी दोन रकाने आखून, एक त्याचा व एक तिचा, कोणत्या गाडीला कोणाचा कोणता हक्क लावावयाचा ते भरावे. पास ठरतो तो या रकान्यांच्या बेरजेवरून.

आपल्या फ्रँकफर्टच्या जोडप्याचा कागद असा होईल. पहिल्या दिवशी फ्रँकफर्टहून आयसीईने बाझेल आणि तेथून ल्युसर्न. आरक्षण आवश्यक नाही. ल्युसर्नला चार दिवस मुक्काम. मग ल्युसर्नहून खूर, तेथून आल्प्स ओलांडून इटलीतील तिरानो, आणि संध्याकाळी मिलान. मिलानहून व्हेनिस. व्हेनिसहून रात्रीच्या नाइटजेटने व्हिएन्ना. व्हिएन्नाहून रेलजेटने सुमारे अडीच तासांत साल्झबर्ग. साल्झबर्गहून म्युनिक, तेथे दोन रात्री, आणि शेवटी म्युनिकहून फ्रँकफर्ट.

तिचा रकाना सरळ आहे: सात प्रवासदिवस, म्हणजे एका महिन्यात सात दिवसांचा युरेल. त्याचा रकाना भरताना मात्र विचार हवा. पहिल्या दिवशी फ्रँकफर्ट ते सीमा हा त्याचा देशाबाहेर पडण्याचा प्रवास. पुढचे चार परदेशातले. एकूण पाच झाले. सहावा प्रवास साल्झबर्ग ते म्युनिक. परतीचा प्रवास म्हणून तो पासावर लावता येईल, पण जेमतेम दोन तासांच्या अंतरासाठी एक आखा प्रवासदिवस आणि परतीचा एकमेव हक्क खर्च करणे म्हणजे उधळपट्टी, आणि तो एकदा वापरला की म्युनिक ते फ्रँकफर्ट पासावर जाताच येणार नाही. येथे त्याचे डॉईचलँडटिकेट धावून येते: साल्झबर्गहून म्युनिकला जाणाऱ्या प्रादेशिक गाडीत ते चालते. ती आपला युरेल घेऊन त्याच गाडीत त्याच्या शेजारी बसते. राहिले म्युनिक ते फ्रँकफर्ट. त्यासाठी त्याने काही आठवडे आधी सवलतीचे साधे तिकीट काढावे. बेरीज केली तर त्याला पाच दिवसांचा पास पुरतो, तिला सातांचा लागतो. दोघांनी आंधळेपणाने सात-सात दिवसांचे पास घेतले असते, तर त्याचा सातवा दिवस कोऱ्याचा कोरा राहिला असता आणि शेवटचे तिकीट काढावे लागले असते ते वेगळेच.

म्युनिकमधील दोन रात्री गाळावयाच्या असल्या तर हिशेब बदलतो. साल्झबर्गहून सकाळी निघावे, म्युनिकच्या मुख्य स्टेशनावरील कुलुपाच्या कपाटांत सामान ठेवावे, दिवसभर शहर पाहावे आणि रात्रीच्या आयसीईने फ्रँकफर्ट गाठावे. हा सगळा एकाच दिवसातला, म्हणून परतीचा एकच प्रवास. या तऱ्हेने गेल्यास त्याला सहा दिवस लागतात, तिलाही सहा. आणि सहा दिवसांचा पास नसल्याने दोघांनाही सातांचा घ्यावा लागतो. कोणती तऱ्हा स्वस्त ते त्या त्या वेळच्या दरांवरून ठरवावे, पण ठरविता येते ते कागद पुढ्यात असल्यामुळे.

सवलतीच्या साध्या तिकिटाबद्दल एक सावधगिरी सांगितली पाहिजे. असे तिकीट ठरावीक गाडीलाच बांधलेले असते; ती गाडी आपल्या हलगर्जीपणामुळे चुकली तर तिकीट वाया जाते. पासवाल्याला पुढची गाडी चालते, तिकीटवाल्याला चालत नाही. म्हणून एकाकडे पास आणि दुसऱ्याकडे बांधलेले तिकीट असेल, त्या दिवशी दोघांनीही घड्याळ तिकिटाच्या मर्जीप्रमाणे लावावे.

६. स्वित्झर्लंडचे वेगळे गणित

ल्युसर्नच्या चार दिवसांत काय करावयाचे, हा प्रश्न वर मी मुद्दाम सोडून दिला, कारण स्वित्झर्लंडमध्ये युरेल किंवा इंटररेलचे दिवस लहानसहान फेऱ्यांवर खर्च करणे बहुधा परवडत नाही. देशात शिरताना आणि देशातून बाहेर पडताना ते वापरावेत. मधल्या मुक्कामात तेथील स्थानिक सवलतींकडे पाहावे. त्या मुख्यतः दोन आहेत.

पहिली स्विस ट्रॅव्हल पास. पाहुण्यांसाठी तीन, चार, सहा, आठ किंवा पंधरा दिवसांचा हा पास आगगाड्या, पोस्टाच्या पिवळ्या बसगाड्या, सरोवरांतील आगबोटी, शहरांतील ट्राम आणि पाचशेहून अधिक संग्रहालये या सर्वांना लागू पडतो. दुसरी हाफ फेअर कार्ड. महिनाभर चालणारे, आणि नावाप्रमाणे जवळजवळ प्रत्येक तिकीट निम्म्या दरात देणारे. हे दोन्ही पास परदेशात राहणाऱ्यांना मिळतात, आणि फ्रँकफर्टवासी नवरा स्वित्झर्लंडच्या दृष्टीने परदेशीच, म्हणून येथे दोघांवर सारखाच अधिकार.

सारखाच अधिकार असला तरी सारखीच निवड करावी असे नाही. डोंगरांवरील गाड्यांचा तपशील पाहिला म्हणजे हे कळते. ल्युसर्नजवळच्या रिगी पर्वतावर १८७१ साली दातेरी रुळांची गाडी सुरू झाली, युरोपातील अशी पहिली पर्वतगाडी. स्विस ट्रॅव्हल पासवर ती विनामूल्य. समोरच्या पिलाटुसवर चढणारी दातेरी गाडी जगात सर्वांत तीव्र चढाची. तेथे त्याच पासावर निम्मे पैसे द्यावे लागतात, हाफ फेअर कार्डावरही निम्मेच. आणि ज्या युंगफ्राऊयोखसाठी आपल्याकडील बहुतेक प्रवासी स्वित्झर्लंडला जातात, ते समुद्रसपाटीपासून ३४५४ मीटरांवरील युरोपातील सर्वांत उंच रेल्वे स्टेशन, तेथे कोणताच पास पूर्णपणे चालत नाही. स्विस ट्रॅव्हल पासाला वरच्या टप्प्यात पंचवीस टक्के सवलत मिळते, हाफ फेअर कार्डाला मात्र पन्नास.

तेव्हा बायकोला रोज आगबोट, रोज संग्रहालय, रोज नवे गाव हवे असेल, आणि नवरा दोन दिवस खोलीत बसून कचेरीचे काम करून उरलेल्या दिवशी युंगफ्राऊयोखला जाणार असेल, तर तिने स्विस ट्रॅव्हल पास घ्यावा आणि त्याने हाफ फेअर कार्ड. ज्याचे पाय अधिक चालतात त्याला सर्वसमावेशक पास, ज्याचे कमी त्याला निम्म्या दराचे कार्ड, इतका हा नियम सोपा आहे. जोडप्यांनी एकमेकांच्या स्वभावाचा हिशेब मोकळेपणाने एकदा मांडावा, म्हणजे निवड करणे जड जात नाही.

ल्युसर्न सोडून निघण्याच्या दिवसाविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिल्याशिवाय राहवत नाही. खूर-तिरानो लोहमार्गातील थुसिस ते तिरानो हा भाग २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत गेला. त्यावर बर्निना एक्सप्रेस या काचेच्या छताच्या खास गाड्या धावतात आणि त्यांना आरक्षण सक्तीचे आहे. पण त्याच रुळांवरून साध्या प्रादेशिक गाड्याही जातात. त्यांना आरक्षण लागत नाही, वाटेत एक-दोनदा बदलाव्या लागतात एवढेच. निरनिराळ्या पासांच्या जोडप्याला मी या साध्या गाड्याच सुचवीन, आणि ते केवळ पैसे वाचावेत म्हणून नव्हे. त्यांच्या बऱ्याच डब्यांतील खिडक्या उघडतात. लांडवासरच्या दगडी कमानींवरून, पासष्ट मीटर खोल दरीवरून, गाडी वळण घेत थेट कड्याच्या पोटातील बोगद्यात शिरते, तेव्हा उघड्या खिडकीतून येणारा गार वारा काचेच्या छताखाली बसलेल्याला मिळत नाही. पुढे दातेरी रुळांच्या मदतीशिवाय गाडी २२५३ मीटरांवरील ओस्पित्सिओ बर्निनाला पोहोचते, आणि तेथून उतरू लागली की हिम, मग सूचिपर्णी वृक्ष, मग चेस्टनटची झाडे असा देखावा बदलत जातो. ब्रुझिओ येथे तर उतार सौम्य करण्यासाठी रूळ उघड्या मैदानात पूर्ण गोल फिरवून स्वतःच्याच कमानीखालून नेले आहेत. शेवटी ४२९ मीटरांवरील तिरानो गावात गाडी रस्त्यातूनच, मोटारींना थोपवीत, चर्चजवळून स्टेशनात येते. सबंध प्रवासात हाच टप्पा दोघांनी कोणत्याही सबबीवर वेगळे होऊ नये असा आहे.

७. शेजारची जागा

आता आरक्षणाच्या गाड्या. मिलान ते व्हेनिस फ्रेच्चारोसाने जावयाचे तर पासावर वेगळे आरक्षण लागते. दोघांकडेही पास असले, एकाचा युरेल आणि दुसऱ्याचा इंटररेल असला तरी, आरक्षण दोघांचे मिळून एकाच व्यवहारात करावे, म्हणजे आसने शेजारची मिळतात. एकाकडे पास आणि दुसऱ्याकडे साधे तिकीट असेल तर व्यवहार दोन होतात. अशा वेळी प्रथम पासवाल्याची जागा घ्यावी, कारण काही गाड्यांत मर्यादा त्याच्या जागांना असते, आणि मग तिचा क्रमांक पाहून तिकीटवाल्याची शेजारची जागा निवडावी. आरक्षणाचा खर्च नको असेल तर वेरोनाला गाडी बदलून प्रादेशिक गाड्यांनीही व्हेनिस गाठता येते. वेळ अधिक लागतो.

इटलीत आणखी एक भान ठेवावे. इटालो नावाच्या खाजगी जलद गाड्या त्याच फलाटांवरून सुटतात, त्यांवर हे पास चालत नाहीत.

नाइटजेटबाबत निष्काळजीपणा महागात पडतो. रात्रीच्या गाड्यांचे डबे वाटेत सोडवून निरनिराळ्या शहरांकडे पाठविण्याची पद्धत आहे. म्हणून दोघेही एकाच डब्यात आहेत हे कागदावर आणि गाडीत चढल्यावरही पाहून घ्यावे. दोघांचे शयन एकाच वेळी, एकाच कोठडीत राखून ठेवावे.

आरक्षण न लागणाऱ्या आयसीईतही आरक्षण करता येते, आणि गर्दीच्या दिवशी ते करावे. प्रत्येक आसनाच्या वर किंवा कडेला छोट्या पाटीवर स्टेशनांची दोन नावे दिसतात. त्या दोन स्टेशनांच्या दरम्यान ती जागा कोणाची तरी राखलेली आहे असा त्याचा अर्थ. नाव नसलेली जागा मोकळी समजावी. एखाद्या पाटीवर, वेळ आल्यास जागा सोडावी लागेल, अशा अर्थाची जर्मन अक्षरे असतात. तेथे बसता येते, पण वाटेत आरक्षण घेऊन कोणी आला तर उठावे लागते.

८. दोन फोन, आणि भेटीची जागा

हल्ली पास कागदावर नसून बहुधा फोनवर असतो. एक पास एका वेळी एकाच फोनवर राहतो. जोडप्यांत पुष्कळदा सगळे दस्तऐवज एकाच्याच फोनमध्ये असतात. रेल्वेच्या बाबतीत हे करू नये. फोन बाळगणारा फलाटावर चहा आणावयास उतरला आणि दारे लागली, तर गाडीत बसलेली व्यक्ती विनातिकीट ठरते. ज्याचा पास त्याच्या फोनवर, आणि ज्याचे पारपत्र त्याच्या खिशात. गाडी निघण्यापूर्वी तो प्रवास पासात नोंदवावा, आणि तीन दिवसांतून एकदा तरी फोन इंटरनेटला जोडावा. एरवी पास दिसेनासा होतो.

लंडनला जाण्याचा मोह झाल्यास आधी व्हिसा पाहावा. स्वित्झर्लंड शेंगेन व्यवस्थेत आहे, ब्रिटन आणि आयर्लंड नाहीत. पुण्याहून शेंगेन व्हिसावर आलेल्या बायकोला आणि जर्मनीचा रहिवास-परवाना असलेल्या नवऱ्यालाही ब्रिटनसाठी स्वतंत्र परवानगी लागते. युरेलवर ब्रिटनच्या गाड्या चालतात, एवढ्यावर विसंबू नये.

दोघांनी एखादा दिवस वेगवेगळा काढावयाचे ठरविले, तर भेटीचे ठिकाण असे निवडावे की जेथे दर तासाला गाडी आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९८२ सालापासून ठरावीक मिनिटाला, तासागणिक गाडी सोडण्याची पद्धत देशभर लागू आहे. झुरिकहून खूरला जाणारी एक गाडी चुकली तर पुढची फार तर तासाभराने येते, आणि खूरला तिरानोच्या दिशेची गाडीही त्याच बेताने मिळते. म्हणून नवऱ्याला झुरिकला काम असेल, तर बायकोने ल्युसर्नहून पुढे जाऊन खूरला थांबावे, आणि अमुक मिनिटाची गाडी, ती चुकली तर त्याच मिनिटाची पुढच्या तासाची, एवढे बोलून ठेवावे.